नळीची राखण

रणदिवे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका पेशंटला रागवायला शिकवत होत्या. पेशंटवर रागावत नव्हत्या, पेशंटलाच रागवायला शिकवत होत्या. समोर खुर्चीत एक निवृत्त बस-कंडक्टर बसले होते, दाढी पांढरी, हात जोडलेले.

"मेरे हाथ धुले हैं?" मॅडमनी विचारलं.

"आपके तो साफ ही होंगे, डॉक्टर साब."

"कैसे मालूम? देखा आपने?"

"ना जी."

"तो फिर रोकिए मुझे. डाँटिए."

कंडक्टर कसंनुसं हसले. "आपको कैसे डाँटें जी, आप तो रब का रूप हो."

"सारी उमर सवारियों पर चिल्लाए, एक मुझ पर नहीं चिल्ला सकते? अगले हफ्ते आइए. घर में आईने के सामने प्रॅक्टिस करके."

खरंच, त्या गृहस्थांची भरती मॅडमनी आठवडाभर पुढे ढकलली. मी मुलाखतीसाठी बाहेरच्या बाकावर बसले होते. उठून घरी जावं की काय, असा विचार माझ्या मनात आला होता. तेवढ्यात मला आत बोलावलं.

माझे यजमान हवाई दलात होते. शेवटची बदली चंडीगडला झाली, आणि निवृत्तीनंतर आम्ही पंचकुल्यात घर घेऊन तिथेच राहिलो. मुलं मोठी झाली होती. मला काम हवं होतं. मॅडमना त्यांच्या नव्या विभागासाठी समन्वयक हवी होती, म्हणजे तारखा, रक्तदाते, नातेवाईक, सामान या सगळ्याचा मेळ घालणारी बाई. माझं आडनाव वाचून त्या एकदम मराठीत आल्या.

"याद्या करता येतात?"

"दुसरं काही फारसं येत नाही," मी म्हटलं.

"मग उद्यापासून या. आणि त्या बांगड्या घरी ठेवून या."

तो विभाग मूळपेशी प्रत्यारोपणाचा होता. रुग्णाच्या रक्तातल्या मूळपेशी आधी काढून जपून ठेवायच्या. मग जबर औषध देऊन हाडांच्या मगजातला आजार जाळायचा आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या. त्या पेशी आत रुजून नवं रक्त तयार करू लागेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्या काळात माणसाच्या अंगात जंतूंशी लढणारी एकही पांढरी पेशी शिल्लक नसते. या काळात औषधं, रक्त, सलाइन सगळं एकाच वाटेने जातं. छातीच्या वरच्या भागातून मोठ्या शिरेत घातलेली आणि थेट हृदयाच्या तोंडाशी पोहोचलेली एक बारीक नळी. तीच रुग्णाचा आधार आणि तीच त्याचा धोका. न धुतलेला एक हात त्या नळीच्या टोकाला लागला, तर जंतूंना हृदयापर्यंत सरळ रस्ता मिळतो.

मॅडम तिला 'नळी'च म्हणत. परदेशात शिकून आल्या होत्या, इंग्रजी नाव त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्या सोलापूरच्या, आणि घाईत तोंडातून मराठी यायचं. ऐकून ऐकून केरळच्या सिस्टर नळी म्हणू लागल्या. पंजाबी रुग्णांना तर तो डॉक्टरी भाषेतलाच शब्द वाटे. दिल्लीहून आलेल्या एका कंपनीच्या माणसाला सिस्टर लिसम्मांनी गंभीरपणे विचारलं होतं, "आपकी कंपनी की नळी में कितने मुँह हैं?"

तेव्हा बाजार नुकता मोकळा होऊ लागला होता. पूर्वी चांगल्या नळ्या कुणाच्या तरी सुटकेसमधून परदेशातून यायच्या. आता विक्रेते टाय लावून दारात उभे राहायचे. मॅडम त्यांना एकच प्रश्न विचारत, "नळी चांगली आहे, मान्य. तुमच्याकडे हात चांगले मिळतात का?" तो बिचारा हातमोज्यांचा कॅटलॉग काढायचा.

मॅडम बुटक्या, चालणं भरभर, आवाज खर्जातला. चष्म्याला दोरी. माणसांची नावं त्यांच्या अजिबात लक्षात राहत नसत. रुग्णांना त्या नळीच्या बाजूवरून ओळखत. "उजव्या मास्तरांचं जेवण झालं का?" "डावी सून रडत होती सकाळी, बोल तिच्याशी." मला मात्र पहिल्या दिवसापासून नीलिमा म्हणत. माझ्याकडे नळी नव्हती, त्यामुळे त्यांचा नाइलाज असावा.

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. "जंतू हुद्दा वाचत नाही." "औषध चुकलं तर मी निस्तरीन, हात चुकला तर कोण निस्तरणार?" आणि सगळ्यात लाडकं, "नळी ही पाहुणी. काम आहे तोवर मान राखायचा, काम संपलं की त्याच दिवशी पोचवून यायचं." रोज सकाळी राउंडला प्रत्येक खाटेपाशी त्या विचारत, "ही आज कशासाठी आहे?" उत्तर सिस्टरने नाही, रुग्णाने द्यायचं. "आज प्लेटलेट चढने हैं जी" असं कुणी म्हटलं की मान हलवून पुढे. उत्तर आलं नाही की निवासी डॉक्टरांकडे वळत. ते बिचारे पायाची बोटं मोजत उभे.

महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला मी त्यांना एकदाच नेलं. लष्करातल्या, विद्यापीठातल्या सगळ्या बायका नटून आलेल्या. यांचे हात कोपरापर्यंत मोकळे. एका कर्नलीणबाईंना राहवलं नाही. "अहो डॉक्टर, सवाशिणीचे हात असे? थांबा." आणि त्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या. मॅडमनी भरून घेतल्या, वाण घेतलं, डाळ-पन्हं घेतलं आणि गाडीत बसताच सगळ्या काढून माझ्या ओटीत टाकल्या.

"रागावलात?" मी विचारलं.

"नाही गं. त्यांचं काम त्यांनी केलं. उद्या सकाळी राउंड आहे, माझं काम मी करते."

हात धुऊन धुऊन त्यांच्या हातांची कातडी तडकलेली असे. इथल्या थंडीत तर बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. संध्याकाळी निघताना खोबरेल तेल चोळून त्या लोकरीचे हातमोजे घालत आणि त्याच हातांनी मारुती चालवत. कुणाशी हस्तांदोलन करत नसत. एका मंत्र्याने पुढे केलेला हात त्यांनी नमस्कारावर थोपवला होता. फोटोत मंत्र्यांचा हात तसाच हवेत आहे.

स्वतःच्या बांगड्या काढणाऱ्या या बाई दुसऱ्याच्या कड्याचं काय करणार, असा प्रश्न डॉ. गुरप्रीत आले तेव्हा उभा राहिला. हे आमचे नवे निवासी डॉक्टर, सरदार. मनगटात लोखंडी कडं. विभागाचा नियम कोपराखाली काहीही नको असा. गुरप्रीत राजीनामा खिशात घेऊनच आत गेले होते, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. मॅडमनी त्यांचा हात धरून कडं वर सरकवलं, कोपरापर्यंत नेऊन तिथे पट्टीने बांधलं. मग खालचं मनगट वळवून वळवून पाहिलं. म्हणाल्या, "माझी बांगडी काढण्यासारखी आहे. तुझं कडं नाही. रोज इथे बांध, आणि आधी त्याच्या खालीही घासायचं. जा."

बलविंदर सिंगांची गोष्ट मात्र इतकी सोपी नव्हती.

हे गुरुद्वाऱ्यात कीर्तन गाणारे रागी. खरडजवळच्या गावचे, पन्नाशीच्या आतले. आजार हाडांच्या मगजाचा. गोळ्यांनी आटोक्यात आणून प्रत्यारोपणासाठी पाठवलेले. तोवरच्या औषधांनी केस गेले नव्हते. दाढी छातीपर्यंत, आवाज मऊ, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'जी'. बरोबर पत्नी, मनजीत कौर. त्या नवऱ्याच्या वाट्याचंही बोलत.

रागवण्याच्या परीक्षेत बलविंदर तीनदा नापास झाले. मॅडम न धुतलेला हात नळीच्या जागेकडे नेत आणि हे डोळे मिटून हात जोडत.

"अगं, काय बोलायचं यांना!" मॅडम मला मराठीत म्हणाल्या. "हा माणूस स्वतःला मारायला आलेल्या चोरालाही पाणी विचारेल."

मनजीत म्हणाल्या, "मैं डाँट दूँगी जी, इनके बदले. मुझे आदत है."

"आप हर वक्त अंदर नहीं होंगी. नळी इनकी छाती में है."

पुढे ढकलायला वेळ नव्हता. आजार दबलेला असतानाच प्रत्यारोपण करायचं होतं. मॅडमनी त्यांना नापास म्हणूनच भरती केलं. तसं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं.

नळी घालायच्या सकाळी गुरप्रीत केस कापायचं छोटं यंत्र घेऊन गेले आणि तसेच परत आले. छातीवरचे केस काढल्याशिवाय चिकटपट्टी बसत नाही. पट्टी नीट बसली नाही की जंतू आत शिरतात. मानेतून घालावी तर वर दाढी. बलविंदरनी नम्रपणे नाही म्हटलं होतं.

मॅडम गेल्या. मागे आम्ही.

"दवाई देने के बाद सब झड़ ही जाएँगे," गुरप्रीत खाली मान घालून म्हणाले. त्यांच्याच्याने ते बोलवत नव्हतं.

"झड़ना उसकी मर्जी है जी," बलविंदर वर बोट करून म्हणाले, "काटना मेरी होगी."

मला वाटलं, आता बाई तडकणार. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

"बरोबर बोलतायत ते," त्या मला म्हणाल्या. मग उठून, हात धुऊन, त्यांनी बलविंदरच्या छातीवर बोटाने जागा शोधायला सुरुवात केली. उजवीकडे, खांद्याजवळच्या हाडाच्या अगदी खाली, रुपयाएवढी जागा विरळ होती. नळी तिथून निघेल. चिकटपट्टी नको. वर निर्जंतुक जाळी आणि ती धरून ठेवायला छातीभोवती कापडी बांधणी. चिकटपट्टी आठवडाभर राहते. ही बांधणी एक दिवसाआड सोडून बांधावी लागणार होती, म्हणजे सिस्टरना काम तिप्पट.

"कापड कुठलं?" मी विचारलं. मला यादीत लिहायचं होतं.

मनजीत बोलल्या, "पगड़ी का चलेगा? पुरानी पगड़ियाँ बहुत नरम होती हैं."

त्याच दुपारी मी बलविंदरच्या तीन जुन्या पगड्या घेऊन सेक्टर बावीसच्या शिंप्याकडे गेले आणि मापाच्या बांधण्या शिवून आणल्या, खांद्यावरून येणाऱ्या बंदांसकट. एक केशरी, दोन निळ्या. रोज वाफेच्या यंत्रातून निघायच्या. त्या खाटेला सिस्टर 'पगडीवाली नळी' म्हणू लागल्या. मॅडमसुद्धा. बाजू विसरल्या.

औषध देण्याआधी नळीचं टोक स्पिरिटने घासून घ्यावं लागतं. नीट, सावकाश. सिस्टर घाई करतात ही मॅडमची जुनी तक्रार. बलविंदर म्हणाले, "मैं एक पंक्ति गाता हूँ जी, जब तक पूरी ना हो, घिसते रहिए." त्यांची ओळ ठाय लयीतली, कुठे वळून कुठे यायची काही सांगता येत नसे. सिस्टर लिसम्मा घासून घासून दमायच्या. "सर, थोड़ा छोटा वाला गाना!" बाहेर काचेपाशी मॅडम हातावर हात ठेवून उभ्या राहून ऐकत. मला म्हणाल्या, "इतकं स्वच्छ टोक मी परदेशातही पाहिलेलं नाही."

मग जबर औषध दिलं, पेशी परत सोडल्या, आणि ठरल्याप्रमाणे पांढऱ्या पेशी उतरत शून्यावर आल्या. केस गळू लागले. मनजीत मास्क लावून ते उशीवरून वेचायच्या आणि मॅडमनी दिलेल्या बंद पिशवीत ठेवून बाहेर न्यायच्या. सफाईवालीने केराच्या टोपलीकडे बोट केलं तेव्हा मॅडमच म्हणाल्या, "तो कचरा नाही." आणि त्याच दमात, "पण खोलीत एक क्षणही ठेवायचे नाहीत."

औषधाने तोंडात फोड आले. बलविंदरचं गाणं थांबलं, मग बोलणंही. पाणी गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचं. मान हलवून हो-नाही सांगत. सकाळी "ही आज कशासाठी आहे?" विचारलं की नळीकडे, मग औषधाच्या बाटलीकडे बोट दाखवत. मग ताप आला. नळीतून आणि हातातून रक्त घेऊन तपासायला पाठवलं. नळी ठेवायची की काढायची हा प्रश्न होता. नळीतच जंतू असतील तर ती घातक, आणि काढली तर प्लेटलेट इतक्या कमी असताना दुसरी घालणंही घातक. रक्ताचा अहवाल येईपर्यंत ठेवायची असं ठरलं. मॅडम त्या दोन दिवसांत सारख्या प्रयोगशाळेला फोन करत होत्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारची गोष्ट. मी खोलीबाहेर काचेपाशी मनजीतना उद्याच्या रक्तदात्यांची नावं विचारत होते. मॅडम जिन्याने धावत आल्या. त्यांनी तेव्हा नुकताच मोबाइल घेतला होता आणि प्रयोगशाळेचा फोन चालू होता. आत बलविंदरच्या औषधाचा पंप ओरडायला लागला, नळीत कुठेतरी अडथळा आला होता. लिसम्मा दुसऱ्या खोलीत होत्या. मॅडमनी फोन खिशात टाकला, दार ढकललं आणि सरळ खाटेपाशी जाऊन नळीच्या टोकाकडे हात नेला.

टण्ण!

बलविंदरनी हाताचं कडं खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटलं होतं. पुन्हा आपटलं. टण्ण! टण्ण! अंगात ताप, डोळे लाल, आणि तळहात मॅडमच्या हाताआड उभा धरलेला. त्या तीन आवाजांत एकही 'जी' नव्हतं.

मॅडमचा हात हवेत थांबला. पंप ओरडतच होता.

मनजीत माझ्या शेजारी टाळ्या पिटायला लागल्या. "पास हो गए! मेरे सरदारजी पास हो गए!"

मॅडम मागे वळल्या. नळ सोडला आणि बोटांच्या फटी, अंगठे, मनगटं, कोपरापर्यंत, नेहमीइतकाच वेळ लावून हात धुतले. घाई केली नाही. मग मोजे घालून नळीचं टोक घासलं. गाणारं कुणी नव्हतं, पण बलविंदरचं बोट चादरीवर ताल धरत होतं, आणि ते थांबेपर्यंत मॅडम घासत राहिल्या. नळी कुशीखाली मुडपली होती. सरळ केल्यावर पंप गप्प झाला.

तोवर लिसम्मा, गुरप्रीत, दोन विद्यार्थी दारात जमले होते. सगळे हसत होते. सगळ्यांना ती परीक्षाच वाटली होती. मॅडम 'शाबास' म्हणून बाहेर पडल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"परीक्षा नहीं थी," त्या म्हणाल्या. "मैं भूल गई थी. जिने का कठडा, फोन, दरवाजा, सब इन्हीं हाथों में था."

कुणी हसेना.

"इन्होंने नहीं रोका होता तो वो सब अंदर जाता. सबने देख लिया ना? मैं भी भूलती हूँ. इसलिए मुझे भी रोकना है." मग बलविंदरकडे वळून त्यांनी हात जोडले. बलविंदरनी घाईघाईने हात जोडले, आणि हाताबरोबर कडं पुन्हा कठड्याला लागलं. या वेळी हळू.

बाहेर आल्यावर त्यांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. "हा आत येणार नाही. कुणाचाच. यादीत लिही." त्या दिवसापासून माझ्या टेबलावर फोन ठेवायचा डबा आला. तो पुढे मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होता.

रक्ताचा अहवाल आला, नळी स्वच्छ होती. ताप औषधांनी उतरला, पेशी हळूहळू वर चढल्या. नळी काढायच्या दिवशी मॅडमनी स्वतः काढली. हवा आत जाऊ नये म्हणून रुग्णाला सपाट झोपवून श्वास धरायला सांगतात. "साँस रोकिए," म्हणाल्या. नळी निघाली, जागा दाबली, तरी बलविंदर श्वास धरून आपले छताकडे पाहताहेत. रागी माणूस, दमसास मोठा. "छोड़िए अब! पाहुणी गेली!" मॅडम ओरडल्या. मराठीत. त्यांना कळलं.

पुढे काही वर्षांनी त्यांचा आजार परत आला, तसा तो येतोच. पुन्हा औषधं झाली. पण मधली वर्षं त्यांना मिळाली, आणि त्या वर्षांत ते गात राहिले.

त्याच वर्षांत मॅडम निवृत्त झाल्या. सोलापूरला जायचं ठरलं, सामान गेलं. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. जायच्या आदल्या सकाळी मला म्हणाल्या, "तुझ्या यादीत काही राहिलंय?" मी म्हटलं, "आपण बलविंदरजींचं गाणं काचेपलीकडूनच ऐकलंय." त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

झिरकपूरच्या रस्त्यावर नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते. त्यांतून वाट काढत आम्ही बलविंदर गात असत त्या गुरुद्वाऱ्यात पोहोचलो. दाराशी हातपाय धुवायची जागा. लोक नळाखाली हात धरून लगेच पुढे सरकत होते. मॅडमनी डोक्यावरची ओढणी सावरली, सुरुवात केली. बोटांच्या फटी. अंगठे. मनगटं. मागे रांग थांबली.

"माताजी, छेती करो," मागून कुणीतरी घाई करत म्हणालं.

"बेटा, इसमें छेती नहीं होती," मॅडम म्हणाल्या आणि दुसऱ्या कोपराकडे वळल्या.

आत गर्दी होती. समोर बलविंदर पेटीवर बसले होते. दाढी परत आली होती, आधीपेक्षा आखूड आणि बरीच पांढरी. निळी पगडी. ओळ तशीच सावकाश, वळणं घेत चाललेली. त्यांनी आम्हाला पाहिलं. दोन्ही हात पेटीत गुंतलेले, त्यांना नमस्कारही करता येईना.

मॅडम दारातच थांबल्या. त्यांनी दोन्ही हात कोपरात वाकवून, शस्त्रक्रियेला निघाल्यासारखे वर धरले, तळवे बलविंदरकडे करून. पाणी कोपरांवरून खाली सतरंजीवर टपकत होतं. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने, ही कोणत्या पंथाची रीत, अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःही हात तसेच वर धरले.

बलविंदरनी गाता गाता मान हलवली. पास. मग मॅडम आत गेल्या आणि ओळ संपेपर्यंत हात तसेच धरून बसल्या.